गुडघाभर, नितळ पाण्यातला ट्राउट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही पुण्याहून हिमाचलला तीर्थन नदीवर गेलात आणि गुशैनीच्या खालच्या पट्ट्यात तीन दिवस फ्लाय फिशिंग केलंत. पाणी गुडघ्याच्या फारसं वर नव्हतं, तळातला गोटा न् गोटा दिसत होता. ब्राउन ट्राउटही दिसत होते, पण पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेकीला सगळे पांगत होते. सामान म्हणजे ९ फुटी, ५ वजनाचा रॉड (हा आकडा लाईनच्या वजनाचा), ९ फुटी ४एक्स लीडर (लाईनच्या टोकाला बांधायचा निमुळता, पारदर्शक दोर) आणि १२-१४ नंबरच्या फ्लाय (गळावर पिसं-दोरे बांधून केलेले नकली किडे; नंबर मोठा तितकी फ्लाय लहान). दुकानदाराचा सल्ला पडला की २२ नंबरच्या फ्लाय आणि ७एक्स टिपेट (लीडरच्या टोकाचा सगळ्यात बारीक तुकडा; एक्सचा आकडा मोठा तितका तो बारीक) घ्या. मार्चमध्ये पुन्हा जायचं आहे, तर हे घ्यावं का?

घ्यायचं तर घ्या. पण दुखणं तिथे नाहीये. फ्लाय पसंत पडली नाही तर ट्राउट ती खात नाही, एवढंच. वर येतो, निरखतो, पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतो. नाहीतर जागचा हलतच नाही. तो पळतो तेव्हा घाबरून पळतो, आणि त्याला घाबरवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: तुम्ही स्वतः, वर उचललेला रॉड, हवेतून जाणारी लाईन किंवा तिची तळावरून सरकणारी सावली, आणि गोट्यावर वाजलेला बूट. तुमचे मासे पळत होते, म्हणजे तुमची फ्लाय त्यांच्या विचारापर्यंत पोचलीच नव्हती. म्हणून मी दुरुस्ती नेहमी याच क्रमाने करतो: आधी आपली जागा, मग लीडर-टिपेट, मग फ्लायचा आकार, आणि सगळ्यात शेवटी फ्लायचा प्रकार. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात आणि दिवसभर डब्यातल्या फ्लाय बदलत बसतात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. ‘कमी पाणी’ सगळीकडे सारखं नसतं. हिमाचलात पाऊस सप्टेंबरच्या उत्तरार्धात ओसरतो आणि ऑक्टोबरभर नदी उतरत, निवळत जाते. नोव्हेंबरपासून ब्राउन ट्राउट अंडी घालतो, म्हणून १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात गळ टाकायला बंदी. १ मार्चला हंगाम खुला होतो तेव्हा वरचं बर्फ अजून घट्ट असतं, त्यामुळे पाणी पुन्हा कमी आणि नितळ. एप्रिलमध्ये ऊन चढलं की बर्फ वितळून नदी फुगते, गढुळते, आणि मी खाली सांगतोय त्यातलं निम्मं गैरलागू होतं. म्हणजे तुमच्या दोन्ही सहली नेमक्या नितळ पाण्याच्या काळात बसतात, फक्त मार्चचं पाणी जास्त थंड असेल.

हा फरक महत्त्वाचा, कारण ट्राउट किती खातो हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसला तो मनापासून खातो. ६-७ अंशांच्या खाली सुस्तावतो; फ्लाय नाकासमोरून गेली तरच तोंड उघडतो. १९-२० अंशांच्या वर गेलं की पाण्यात प्राणवायू कमी पडतो आणि अशा वेळी दमवलेला मासा सोडून दिला तरी मरू शकतो. तेव्हा गळ गुंडाळून ठेवावा. म्हणून मार्चमध्ये सकाळी सहाला उठून नदीवर धावायचं काहीच कारण नाही. साडेदहा-अकराला जा, चारपर्यंत थांबा. उलट, निलगिरीच्या ओढ्यात रेनबो ट्राउटमागे एप्रिल-मेच्या उन्हात गेलात तर सूर्योदयाचे दोन तास तेवढे तुमचे. साधा थर्मामीटर दोऱ्याला बांधून सावलीतल्या वाहत्या पाण्यात मिनिटभर धरा आणि मग वेळ ठरवा.

आणखी एक इशारा याच ठिकाणी देतो. तीर्थनवर वरच्या बाजूला धरण नाही, पण शेजारच्या सैंजवर आणि बियासवर जलविद्युत प्रकल्प आहेत. तिथे ‘कमी पाणी’ म्हणजे दरवाजे बंद असतानाचं पाणी. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ २४ विद्यार्थी वाहून गेले, तेही नदी उतरलेली दिसत असतानाच पात्रात उतरले होते. अशा नदीत पात्राच्या मध्यावर जाऊन उभं राहू नका, पाणी घोट्याएवढं असलं तरी.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मासा तुम्हाला कसा पाहतो. पाण्याखालून वर पाहिलं तर आभाळ आणि काठ हे सगळं एका गोल खिडकीत मावतं. ही खिडकी साधारण ९७ अंशांची असते आणि तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. म्हणजे ३० सेंमी खोल बसलेल्या माशाची खिडकी जेमतेम ६८ सेंमीची. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो आणि त्यात तळाचं प्रतिबिंब असतं. पण त्या छोट्या खिडकीत क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं जग दाबून बसवलेलं असतं. पाण्याच्या पातळीपासून १० अंशांच्या आत जे आहे ते खिडकीच्या कडेला इतकं चेपलं जातं की त्याची धड आकृती बनत नाही. त्याच्या वर जे डोकावतं ते दिसतं, आणि ट्राउटसाठी वरून डोकावणारी गोष्ट म्हणजे घार नाहीतर बगळा.

या १० अंशांचा हिशेब नदीकाठी कामाला येतो. पाण्याच्या पातळीवर उभा असलेला १७० सेंमी उंचीचा माणूस माशापासून सुमारे साडेनऊ मीटरवर, म्हणजे ३१-३२ फुटांवर असेल तर जेमतेम लपतो. तोच गुडघ्यावर बसला, डोकं पाण्यापासून १२० सेंमीवर आलं, की ७ मीटर पुरतात. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी बऱ्यापैकी तेवढंच होतं, कारण मोजायची ती पाण्यावरची उंची. उलट, फोटोत छान दिसतं म्हणून मीटरभर उंच खडकावर चढलात, तर हेच अंतर १५ मीटरच्या वर जातं. आणि रॉड? ९ फुटी रॉड हात वर करून उभा धरला की टोक पाण्यापासून चार मीटरवर. ते २२ मीटरवरूनही माशाच्या नजरेत येतं. त्यामुळे कमी पाण्यात रॉड आडवा चालवायचा, जवळजवळ पाण्याशी समांतर. तुमच्या वर्णनातला ‘उंच दगडावरून मासे स्पष्ट दिसत होते’ हा भाग वाचून मला निदान तिथेच झालं. तुम्हाला ते जेवढे स्पष्ट दिसत होते तेवढेच तुम्हीही त्यांना दिसत होता.

हा हिशेब सपाट, निवांत पृष्ठभागाचा आहे. जिथे पाणी खळाळतं तिथे खिडकीच्या चिंध्या होतात आणि मासा दोन-अडीच मीटरवरून वाऱ्याची झुळूक समजून तुमच्याकडे दुर्लक्ष करतो. यातून जागा कशी निवडायची ते आपोआप ठरतं. भर उन्हात, वारा नसताना, सपाट आरशासारखा डोह दिसला की तो सोडून द्या. मोठमोठ्या धोंड्यांमधून पाणी जिथे पायरीपायरीने उतरतं, धोंड्यामागे पलंगाएवढे खळगे तयार होतात, तिथे जा. उतरलेल्या पाण्यात प्राणवायू आणि आडोसा, दोन्ही तिथेच असतात, त्यामुळे मासेही तिथे सरकलेले असतात. दुसरी जागा म्हणजे डोहाच्या तोंडाशी, जिथे खळाळ संपून खोली सुरू होते ती कड. तिसरी, काठावरच्या आल्डरच्या झाडांच्या मुळांखाली पोखरलेली सावली. आणि सपाट डोहातच टाकायचं असेल तर दुपारपर्यंत थांबा. हिमालयातल्या खोऱ्यांत अकरा-बाराच्या सुमाराला खालून वर वारा सुटतो. पुष्कळ जण त्याला शिव्या घालतात. मला तो हवा असतो. पाण्यावर सुरकुत्या आणतो, आणि प्रवाहाच्या वरच्या दिशेने फेकताना फ्लाय पुढे न्यायला मदत करतो.

जवळ जाण्याची पद्धत. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो आणि त्याच्या नेमक्या मागे साधारण ३० अंशांचा पट्टा त्याला दिसत नाही. म्हणून खालून वर जायचं, म्हणजे प्रवाहाच्या उलट. फक्त लक्षात ठेवा, भोवऱ्यात आणि उलट्या धारेत मासा नदीच्या खालच्या दिशेला तोंड करूनही उभा असतो, तेव्हा आधी फेसाची रेघ कुठे वाहते ते पाहा. डोह खालच्या टोकापासून सुरू करायचा. तिथे, शेवटच्या फूटभर पाण्यात, बहुधा एक बोटभर पिल्लू बसलेलं असतं. ते उडालं की बाणासारखं डोहातून वर जातं आणि मागून सगळे सावध. मी डोहाच्या त्या टोकाकडे पूर्ण दोन मिनिटं नुसता बघतो. पोलराइज्ड चष्मा हवा, तपकिरी किंवा अंबर काचेचा. काळी काच सावलीत काहीच दाखवत नाही. मासा शोधू नका, त्याची सावली शोधा. तीर्थनच्या राखाडी गोट्यांवर ब्राउन ट्राउटची पाठ विरघळून जाते, पण तळावर पडलेली सावली उन्हात हलताना दिसते.

आवाजाचं म्हणाल तर बोललेलं पाण्यात फारसं जात नाही. जाते ती धमक. खिळेवाला बूट गोट्यावर घसरला, काठीचं लोखंडी टोक दगडावर आपटलं, की माशाच्या अंगावरच्या संवेदनरेषेला ते लगेच कळतं. फेल्टचा तळवा बरा, आणि शक्यतो पाण्यात उतरूच नका. उतरलात तर पाऊल टाकताना समोर लाट जाऊ देऊ नका. सपाट डोहात मांडीपासून निघालेली एक लाट दहा मीटर पुढे जाते. कपडे मळखाऊ घ्या, पांढरी टोपी घरी ठेवा, सूर्य पाठीशी असेल तर सावली कुठे पडते ते बघा.

मार्चसाठी एक वेगळी काळजी. हिवाळ्यात घातलेली अंडी अजून रेती-गोट्यांतच असतात. ब्राउन ट्राउटची अंडी फुटायला सुमारे ४०० ते ४५० अंश-दिवस लागतात, म्हणजे पाणी ५ अंश असेल तर ८० ते ९० दिवस, आणि त्यानंतरही पिल्लं काही आठवडे गोट्यांच्या फटीत राहतात. डोहाच्या खालच्या टोकाला सुपारी ते लिंबाएवढ्या गोट्यांचा, आजूबाजूपेक्षा स्वच्छ आणि उजळ दिसणारा, अंडाकृती पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. ऑक्टोबरअखेरीला अशा पट्ट्यावर जोडी दिसली तर तिच्यावर फ्लायही टाकू नका.

आता दोर. नवा रॉड घ्यायची गरज नाही. ३ किंवा ४ वजनाचा, साडेसात-आठ फुटी रॉड अशा पाण्यात लाईन हलकी टेकवतो हे खरं, पण तुमच्या ५ वजनाच्या रॉडवर लीडर लांबवून बरंच साधतं. तुमच्या ९ फुटी ४एक्स लीडरचं टोक ०.१८ मिमीचं आहे. त्याला २ फूट ५एक्स, म्हणजे ०.१५ मिमी, जोडा आणि त्यापुढे अडीच फूट ६एक्स, म्हणजे ०.१३ मिमी. झाला साडेतेरा फुटी लीडर. मधली ५एक्सची पायरी गाळू नका. ४एक्सला थेट ६एक्स बांधलं की गाठ तिथेच दुमडते आणि फेकीची ताकद पुढे जात नाही, फ्लाय लीडरवरच परत कोसळते. गाठ सर्जनची, बारीक टिपेटला तीन वेढ्यांची, आणि आवळण्याआधी थुंकीने ओली केलेली. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन मऊ पडतं आणि पहिल्या चांगल्या माशाला तिथेच तुटतं. फ्लायच्या गाठीलाही हेच.

७एक्स, म्हणजे ०.१ मिमी, मी तीर्थनवर सहसा वापरत नाही. धोंड्यांनी भरलेली नदी आहे. मासा एका दगडाला वळसा घालून गेला की खेळ संपला, आणि तुटू नये म्हणून हळू हळू खेळवला तर तो अर्धमेला होतो. शिवाय टिपेटचा मेळ फ्लायशी हवा. सोपा ठोकताळा: फ्लायच्या नंबराला ३ ने भागा. १८ ला ६एक्स, १२ ला ४एक्स. तुमची १२ नंबरची झुबकेदार फ्लाय ६एक्सवर बांधलीत तर ती हवेत भिरभिरते आणि चार फेकींत टिपेट फोनच्या जुन्या वायरीसारखं गुंडाळतं.

टिपेट चमकू नये हे त्याच्या जाडीपेक्षा महत्त्वाचं आहे, आणि याकडे कुणी लक्ष देत नाही. नवं नायलॉन पाण्यावर तरंगतं. तरंगताना प्रत्येक ठिकाणी पृष्ठभाग किंचित दाबतं आणि उन्हात त्या दबलेल्या रेघेची सावली उथळ तळावर दोरखंडाएवढी जाड पडते. नदीकाठी खाली बघा, दिसेल. उपाय घरगुती आहे: दोन चमचे मुलतानी माती, भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे आठ-दहा थेंब, तेवढंच ग्लिसरीन. घट्ट कणकेसारखं मळून फिल्मच्या रिकाम्या डबीत नाहीतर औषधाच्या छोट्या डबीत भरा. ग्लिसरीनमुळे ते सुकत नाही. सुपारीएवढा गोळा बोटांत धरून टिपेटचे शेवटचे दोन फूट त्यातून ओढून काढा. माती चमक घालवते, साबण तेलकटपणा काढतो, आणि टिपेट पृष्ठभाग फोडून खाली बसतं. फक्त फ्लायला लावू नका, ती बुडेल. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा लावावं लागतं.

फेकीबद्दल. हवेत लाईन मागे-पुढे खेळवणं कमी पाण्यात एकदाच, तेही माशाच्या डोक्यावरून नाही. बाजूला रिकाम्या पाण्यावर अंतर मोजून घ्या आणि शेवटची फेक तेवढी माशाकडे वळवा. अंतर ७ ते ९ मीटर पुरे. नेमकं मागून सरळ फेकलं तर लीडर माशाच्या पाठीवरून जातो, म्हणून मी मागे राहून ३०-४० अंश बाजूला सरकतो. फ्लाय माशाच्या २ ते ३ फूट पुढे पडावी. लांब टाकली तर लाईन त्याच्यावर येते, नाकावर टाकली तर थबकन आवाज होतो. चुकलं तर लगेच उचलू नका. फ्लाय माशाला ओलांडून दोन मीटर मागे येऊ द्या, मग उचला. पाण्यातून फर्रकन उपटलेली लाईन हा पळवायचा हमखास उपाय आहे. आल्डरच्या फांद्यांखाली मागे जागा नसेल तर फ्लाय गळाच्या वळणाजवळ चिमटीत धरून, रॉड वाकवून, धनुष्यासारखी सोडायची. चार-पाच मीटर आरामात जाते आणि पाण्यावर काहीच हालत नाही.

इथवर मासा पळायचा थांबला, पण तो खात नसेल तर पुढचा संशयित ड्रॅग. लाईन वेगवान धारेत आणि फ्लाय संथ पाण्यात पडली की लाईन फ्लायला ओढते आणि तिच्यामागे इंग्रजी व्हीसारखी रेघ उठते. फुगलेल्या नदीत हे खपतं. नितळ पाण्यात इतका सूक्ष्म ड्रॅगही नडतो की तो तुम्हाला नऊ मीटरवरून दिसतच नाही. ओळखायची खूण: जवळच्या फेसाच्या बुडबुड्याशी फ्लायची शर्यत लावा. दोघं जोडीने आले तर ठीक. फ्लाय मागे रेंगाळली किंवा पुढे गेली तर ड्रॅग आहे. उपाय तीन. एक पाऊल जागा बदला, म्हणजे लाईन कमी धारा ओलांडेल. टिपेट आणखी फूटभर वाढवा. किंवा फेक किंचित जास्त जोरात करून रॉड थांबवताना टोक किंचित खाली घ्या, म्हणजे टिपेट वळ्या-वळ्यांत पडतं आणि त्या सुटेपर्यंतचे दोन-तीन सेकंद फ्लाय मोकळी वाहते. अशा पाण्यात ते दोन सेकंदच तुमचे.

फ्लाय आता येते. ऑक्टोबर आणि मार्च, दोन्हीला पाण्यातले किडे बारीक असतात. पॅराशूट अॅडम्स १६ आणि १८, एल्क हेअर कॅडिस १६, आणि पाण्याखाली बुडणारी फेझंट टेल निंफ १६ आणि १८. एवढ्यावर माझा बहुतेक दिवस निघतो. २० च्या दोन-चार ठेवा; २२ बांधताना डोळ्यांचा जीव जातो आणि फायदा क्वचित. निंफला मणी असेल तर २ मिमीचा, फार तर २.५. दुकानात मिळणाऱ्या ३ मिमीच्या टंगस्टन मण्याची निंफ फुगलेल्या नदीत उत्तम, पण फूटभर संथ पाण्यात ती खडा पडल्यासारखी पडते. खळाळात आणि धोंड्यांमागे मी वर तरंगती कॅडिस आणि तिच्या गळाच्या वळणाला ५० सेंमी टिपेट बांधून खाली १८ ची निंफ लावतो. कॅडिस थबकली की उचलायचं. सपाट पाण्यात एकच फ्लाय, दोन नाहीत.

एक अपवाद, आणि तो मजेशीर आहे. ऑक्टोबरच्या दुपारी, खोऱ्यातल्या घासण्यांवर, म्हणजे गवताच्या कुरणांवर, गवताची कापणी चालू असते तेव्हा नाकतोडे उडून पाण्यात पडतात. काठाला गवत असलेल्या ठिकाणी १० किंवा १२ नंबरचा नाकतोडा काठापासून वीतभर अंतरावर, मुद्दाम टप्पकन टाका. तिथे आवाज चालतो, कारण खरा नाकतोडाही तसाच पडतो. तेव्हा टिपेट ४एक्स. मार्चमध्ये मात्र हे नाही. तेव्हा दुपारची निंफच.

नंतर माशाच्या वागण्यावरून दुरुस्ती करायची. वर आला, फ्लायखाली तरंगत मागे मागे गेला आणि फिरला: आधी ड्रॅग पाहा, मग तीच फ्लाय एक आकार लहान. दोन मिनिटं न फेकता थांबा, तोपर्यंत तो पुन्हा जागेवर येतो. जागचा हलला नाही: त्याने फ्लाय पाहिली नसेल, रेघ वीतभर चुकली असेल. अंग ताठ झालं, पर हलायचे थांबले, तळाशी चिकटला: त्याने तुम्हाला हेरलंय. त्याच्यावर अर्धा तास घालवू नका, वर सरका. उसळून आला आणि गळ लागला नाही: तुम्ही घाईने ओढलंत, किंवा पिल्लू होतं.

मासा लागल्यावर झटका देऊ नका. ६एक्सवर मनगट नुसतं वर घ्यायचं. रीलचा ब्रेक सैल, आणि मासा खाली धोंड्यांत घुसायला लागला की रॉड आडवा करून बाजूने ताण द्या. उभ्या रॉडने तो वळत नाही. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. हात ओले करून, रबरी जाळीत, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि तो स्वतः जाईपर्यंत थांबा. मागे-पुढे ढकलू नका, कल्ल्यांतून उलटं पाणी जातं. परवाना राज्याच्या मत्स्य विभागाचा काढा, त्यावरची आकाराची आणि संख्येची अट वाचा, आणि गुशैनीच्या वर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ नेऊ नका.

मार्चपर्यंत पुण्यात ट्राउट नाही, पण सराव होतो. मैदानावरच्या गवतात २५ फुटांवर जेवणाची थाळी ठेवा, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा, आणि गुडघ्यावर बसून, रॉड आडवा धरून फेका. थाळी म्हणजे मासा. लोकर थाळीच्या पलीकडे दोन-तीन फुटांवर पडायला हवी आणि लीडर थाळीला न शिवता बाजूने यायला हवा. दहापैकी सात वेळा जमलं की थाळीजागी ताटली ठेवा.